आपला फुटबॉल क्लब आतून पोकळ झालाय का, हे घरबसल्या कसं तपासायचं

पुण्यात २०१५ ते २०१९ या पाच वर्षांत तीन फुटबॉल क्लब गेले. पुणे एफसी, भारत एफसी आणि मग एफसी पुणे सिटी. आम्ही चार मित्र दोन गाड्यांवर बालेवाडीला मॅच बघायला जायचो, पुणे एफसी २०१२-१३ च्या आय-लीगमध्ये, म्हणजे तेव्हाच्या देशाच्या लीगमध्ये, दुसरी आली होती, म्हणजे मैदानावर तरी काहीच वाईट दिसत नव्हतं, आणि मग एक दिवस पेपरात वाचलं की मालकांना क्लब पुढे चालवायचा नाहीये. संपलं. भारत एफसी तर एकच सीझन खेळली. मुंबईकरांनी हेच २०१० मध्ये महिंद्रा युनायटेडच्या बाबतीत बघितलंय, चार वर्षांपूर्वीच देशाची लीग जिंकलेली टीम होती ती.

मी एका सीएच्या ऑफिसात काम करतो, दिवसभर दुसऱ्यांचे ताळेबंद चाळणं हेच काम. तर मला सारखं वाटायचं की हे आपल्याला आधी कळायला हवं होतं. मग फावल्या वेळात मी क्लबांचे हिशेब वाचायला लागलो, आपल्याकडचे आणि जास्त करून इंग्लंडचे, कारण तिथले कागद फुकट आणि कुणालाही बघता येतात. दहाएक वर्षांत जी पद्धत बसलीये ती इथे लिहितोय. अकाउंट्स शिकलेलं असायची गरज नाही, बेरीज-वजाबाकी आणि थोडा धीर असला की झालं.

सगळ्या तपासणीमागे प्रश्न एकच ठेवायचा: मालक उद्या सकाळी उठून निघून गेला तर पुढच्या महिन्याचा पगार कुठून होणार? मालक श्रीमंत आहे का, दिलदार आहे का, सेल्फीला उभा राहतो का, हे सगळं बाजूला ठेवा.

आधी कागद शोधा

इंग्लंडच्या क्लबसाठी कंपनीज हाउसची, म्हणजे तिथल्या कंपन्यांची नोंद ठेवणाऱ्या सरकारी कचेरीची साइट उघडा. लॉगिन लागत नाही, पैसे लागत नाहीत. क्लबचं नाव टाकलं की दहा-पंधरा कंपन्या दिसतात, त्यातली मूळ क्लबची कंपनी शोधायची, बऱ्याचदा ती शंभर वर्षांहून जुनी असते त्यामुळे स्थापनेच्या तारखेवरून पटकन ओळखू येते. आत गेलात की तीन टॅब महत्त्वाचे. 'फायलिंग हिस्टरी'मध्ये दरवर्षीचे हिशेब पीडीएफमध्ये असतात. 'पीपल'मध्ये डायरेक्टर कोण, कधी आले, कधी गेले ते. आणि 'चार्जेस'मध्ये कंपनीने काय काय गहाण टाकलंय ते, म्हणजे आपल्या सातबाऱ्यावर 'इतर हक्क' या रकान्यात बोजा चढवलेला दिसतो ना, तसंच.

सगळ्यात पहिली खूण तर पीडीएफ उघडायच्याही आधी दिसते. हिशेब वेळेवर भरलेत का? खाजगी कंपनीला वर्ष संपल्यापासून ९ महिने मिळतात. क्लबांचं वर्ष बहुतेक वेळा ३० जूनला संपतं, म्हणजे ३१ मार्चपर्यंत हिशेब यायला हवेत. आले नाहीत तर साइटवरच 'ओव्हरड्यू' असं लिहून येतं. ऑफिसात माझा अनुभव असा की ज्या गिऱ्हाइकाचं सगळं नीट असतं ते स्वतः फोन करून विचारतं 'झालं का माझं?', आणि ज्याचं बिनसलेलं असतं त्याचा फोन लागत नाही. क्लबांचंही वेगळं नसतं. ऑडिटर अचानक बदलला, एकाच महिन्यात दोन-तीन डायरेक्टरांनी राजीनामे दिले, हिशेबाची तारीखच पुढे ढकलली, यातलं एक झालं तर नोंद करून ठेवायची, दोन एकदम झाली तर खरंच काळजी करायची.

भारतातल्या क्लबसाठी कंपनी व्यवहार मंत्रालयाचं एमसीए पोर्टल आहे, थोडी फी भरून कंपनीचे कागद बघता येतात. फक्त जर्सीवरचं नाव आणि कंपनीचं नाव वेगळं असू शकतं, तेव्हा आधी कंपनीचं नाव मिळवावं लागतं, ते क्लबच्या वेबसाइटवर अगदी खाली बारीक अक्षरात किंवा तिकिटाच्या अटींमध्ये सापडतं.

मग एक भागाकार करा

पीडीएफ साठ-सत्तर पानांची असेल, घाबरू नका. दोनच आकडे शोधायचे: वर्षाचं एकूण उत्पन्न आणि पगारांवरचा एकूण खर्च. पगाराला उत्पन्नाने भागा, शंभराने गुणा. समजा क्लबला वर्षाला २ कोटी पौंड मिळतात आणि पगारावर २ कोटी २० लाख जातात, तर उत्तर ११०. म्हणजे लाइट बिल, प्रवास, गवत, पोलिस बंदोबस्त, यातलं काहीही भरायच्या आधीच क्लब तोट्यात आहे.

युरोपच्या स्पर्धा खेळणाऱ्या क्लबांना युएफाने, म्हणजे युरोपच्या फुटबॉल संघटनेने, २०२५-२६ पासून ७० टक्क्यांची मर्यादा घातलीये, त्यात पगाराबरोबर ट्रान्सफरचा आणि एजंटांचा खर्चही धरतात. आणि इंग्लंडच्या दुसऱ्या पातळीवर, म्हणजे चॅम्पियनशिपमध्ये, कित्येक वर्षी सगळ्या क्लबांचा मिळून आकडा १०० च्या वर गेलेला आहे. सगळ्यांचा मिळून! कारण उघड आहे, वर प्रीमियर लीगमध्ये गेलं की टीव्हीच्या पैशांचा पाऊस पडतो, म्हणून प्रत्येक मालक म्हणतो अजून एक स्ट्रायकर घेऊ, अजून एक वर्ष खेचू. २४ क्लब असतात आणि वर जाणार तीन. उरलेल्या एकवीस जणांनी खर्च तर केलेलाच असतो ना.

भागाकार एका वर्षाचा करून थांबू नका, पाच वर्षांचा करा आणि ओळीने लिहा. ९५, ९८, १०४, ११५, १२० अशी ओळ दिसली की समजायचं कुणीतरी भरपाई करतंय. कोण आणि कुठल्या अटीवर, ते पुढच्या पायरीत.

मालकाचा पैसा म्हणजे नक्की कुठला पैसा

मला सगळ्यात महत्त्वाची वाटते ती ही पायरी, म्हणून जरा सविस्तर सांगतो, आणि उदाहरण पुण्याचंच घेतो.

नोव्हेंबर २०१० मध्ये पुण्याच्या, कोंबड्यांच्या धंद्यातल्या वेंकीज ग्रुपने ब्लॅकबर्न रोव्हर्स विकत घेतली, साधारण २ कोटी ३० लाख पौंडांना. ब्लॅकबर्न म्हणजे लँकेशरमधलं जुनं कापडगिरण्यांचं गाव, १९९५ मध्ये या क्लबने प्रीमियर लीग जिंकलेली, तीही गावातल्याच जॅक वॉकर नावाच्या पोलाद व्यावसायिकाच्या पैशावर. आम्हाला त्या वेळी काय अभिमान वाटला होता, पुण्याची कंपनी आणि प्रीमियर लीग! पण महिनाभरातच मॅनेजर सॅम अलार्डाइसना काढलं, २०१२ मध्ये क्लब खाली घसरला, त्या शेवटच्या दिवसांत विगनविरुद्धच्या मॅचला चाहत्यांनी मैदानात जिवंत कोंबडी सोडली होती, आणि २०१७ मध्ये तर क्लब तिसऱ्या पातळीवर गेला. प्रीमियर लीग जिंकलेला क्लब इतक्या खाली जायची ती पहिलीच वेळ. २०१८ ला परत वर आला.

आता दुसरी बाजूही सांगायला हवी, नाहीतर अन्याय होईल. या मालकांनी क्लब वाऱ्यावर सोडला नाही. पंधरा वर्षं तोटा भरून काढलाय. बाकी कित्येक मालक तोपर्यंत पळून गेलेत. म्हणून पैसे दिले की नाही एवढ्यावर माझं समाधान होत नाही. ते कसे दिले आणि उद्या थांबले तर काय, ते बघायचं.

एका रात्री मी ब्लॅकबर्नचे हिशेब घेऊन बसलो होतो. 'गोइंग कन्सर्न' नावाची टीप असते, प्रत्येक क्लबच्या हिशेबात, पहिल्या काही नोट्समध्ये. म्हणजे ही संस्था पुढचं वर्षभर तरी चालेल असं आम्ही का मानतो, याचं कारण कंपनीला लिहून द्यावं लागतं. चांगल्या क्लबच्या टिपेत लिहिलेलं असतं की रोख आहे, करार आहेत, अंदाज केलाय. आणि जिथे मालकावर सगळं अवलंबून असतं तिथे सरळ लिहिलेलं असतं की मूळ मालक कंपनी पैसे देत राहील या भरवशावर आम्ही चालतोय. ब्लॅकबर्नचं गणित हे असं आहे. पैशाचा नळ लँकेशरमध्ये नाही, इथे पुण्यात आहे. आणि मग मालकांच्या भारतातल्या कंपनीची चौकशी सुरू झाली, इथून तिकडे पैसे पाठवायला दिल्ली हायकोर्टाची परवानगी घ्यावी लागायला लागली, आणि सात हजार किलोमीटरवरच्या क्लबचं बजेट आवळलं गेलं. मालकाची नियत चांगली असो नाहीतर वाईट, नळ बाहेरून बंद होऊ शकतो. ब्लॅकबर्नमधल्या माणसाला सीझन तिकीट काढताना दिल्लीच्या कोर्टाची तारीख बघावी लागली, यात त्या बिचाऱ्याचा काय दोष?

तर या टिपेत काय शोधायचं ते सांगतो. एक, 'मटेरियल अनसर्टन्टी' हे शब्द. ऑडिटर हे शब्द सहजासहजी वापरत नाही, वापरले म्हणजे त्याला खात्री वाटत नाहीये. दोन, मालकाने दिलेल्या आधाराच्या पत्राची मुदत. बारा महिन्यांची आहे का? लेखी आहे का? तीन, पैसा शेअर्सच्या रूपात दिलाय की कर्जाच्या. शेअर्स म्हणजे पैसा क्लबमध्ये मुरला, मालक तो उद्या परत मागू शकत नाही. कर्ज म्हणजे आज हसत दिलं तरी उद्या भांडण झालं की मागता येतं, आणि विकायच्या वेळी नवीन गिऱ्हाइकाला म्हणता येतं की आधी माझे इतके कोटी द्या. त्यावर व्याज लावलंय का, तेही बघा. बिनव्याजी कर्ज वेगळं आणि दहा टक्क्यांचं कर्ज वेगळं.

जबाबदार मालक कोण, तर जो दरवर्षी कर्जाचे शेअर्स करून टाकतो आणि आपण गेलो तर काय याची सोय आधी करून ठेवतो. ही साधी गोष्ट फार थोडे करतात.

ग्राउंडचा सातबारा

क्लब एकवेळ कफल्लक झाला तरी उभा राहतो, पण ग्राउंड हातातून गेलं की फार अवघड. म्हणून स्टेडियम नक्की कुणाच्या नावावर आहे हे बघा. इंग्लंडमध्ये लँड रजिस्ट्रीच्या साइटवर थोडी फी भरली की मालकीचा उतारा मिळतो, आणि कंपनीज हाउसच्या 'चार्जेस'मध्ये त्यावर कुणाचा बोजा आहे ते कळतं.

एक खेळ मध्यंतरी बराच चालला होता. मालक क्लबचं स्टेडियम स्वतःच्याच दुसऱ्या कंपनीला विकायचा. क्लबच्या पुस्तकात मोठा नफा दिसायचा, क्लबने किती तोटा करायचा याचा लीगचा नियम पाळल्यासारखा व्हायचा, आणि ग्राउंड मात्र क्लबचं राहायचं नाही. डर्बी काउंटीचं प्राइड पार्क असंच मालक मेल मॉरिस यांच्या कंपनीकडे गेलं, ८ कोटी पौंडांच्या वर. शेफिल्ड वेन्सडेचं हिल्सबरो मालक देजफॉन चानसिरी यांच्या कंपनीकडे, सुमारे ६ कोटींना. लीगने पुढे ही पळवाट बंद केली, पण झालेले व्यवहार झालेच. डर्बी सप्टेंबर २०२१ मध्ये ॲडमिनिस्ट्रेशनमध्ये गेला, आधी १२ आणि मग अजून ९ असे २१ गुण कापले गेले आणि क्लब खाली गेला. मैदानावर त्या पोरांनी ५५ गुणांचा खेळ केला होता, गुण कापले नसते तर आरामात वाचले असते. शेफिल्ड वेन्सडे ऑक्टोबर २०२५ मध्ये त्याच वाटेने गेला, १२ गुण गेले आणि डिसेंबरमध्ये पगार वेळेवर न दिल्याबद्दल अजून ६.

ॲडमिनिस्ट्रेशन म्हणजे काय ते इथेच सांगून टाकतो: धंदा बुडतोय म्हटल्यावर कारभार मालकाच्या हातातून काढून एका नेमलेल्या माणसाकडे देतात, तो खर्च कापतो आणि गिऱ्हाईक शोधतो. लिक्विडेशन म्हणजे कंपनी कायमची बंद. पहिल्यातून परत येता येतं, दुसऱ्यातून नवीन नावाने सुरुवात करावी लागते.

चाहत्यांनी या बाबतीत एक काम क्लब ठणठणीत असतानाच करून ठेवावं. इंग्लंडमध्ये २०११ च्या लोकॅलिझम कायद्याखाली ग्राउंडची 'लोकांच्या उपयोगाची मालमत्ता' म्हणून नगरपालिकेकडे नोंद करता येते. मग मालक विकायला निघाला तर लोकांना बोली लावायला सहा महिने मिळतात. मँचेस्टर युनायटेडच्या चाहत्यांनी ओल्ड ट्रॅफर्डची नोंद २०१३ मध्येच करून घेतली. एवढ्या मोठ्या क्लबच्या लोकांना गरज वाटली तर छोट्या क्लबने थांबायचं कशाला?

उधारी कुणाची थकलीये

हे हिशेबात वर्षाने दिसतं, गावात आधी दिसतं. माझ्या ओळखीचा एक पोरगा एका क्लबात फिजिओ होता, क्लबचं नाव घेत नाही. त्याने सांगितलेलं माझ्या लक्षात राहिलंय. आधी स्ट्रॅपिंगची टेप संपली आणि नवीन आली नाही, तो स्वतःच्या पैशाने मेडिकलमधून आणायला लागला. मग धोब्याने कपडे अडवले, एका सकाळी पोरं कालच्याच घामट जर्सी घालून प्रॅक्टिसला उतरली. मग बसवाला दारात येऊन उभा. खेळाडूंचे पगार त्यानंतर थकले, अगदी शेवटी. म्हणजे क्रम लक्षात घ्या, जो सगळ्यात लहान आणि ज्याला आवाज नाही त्याचे पैसे पहिल्यांदा थांबतात. म्हणून क्लबच्या आसपास उधारीवर काम करणाऱ्या माणसांशी बोला. कॅन्टीनवाला, बसवाला, माळी, सिक्युरिटीवाला. त्यांना ऑडिटरच्या सहा महिने आधी कळलेलं असतं.

इंग्लंडमध्ये दुसरी खूण म्हणजे टॅक्सवाले. सरकारचा टॅक्स थकवणं ही बुडत्या क्लबची पहिली सवय, कारण टॅक्सवाला दुसऱ्या दिवशी दारात येत नाही. पण शेवटी येतो तो कंपनी बंद करायचा अर्ज घेऊन, आणि असे अर्ज 'लंडन गॅझेट' या सरकारी राजपत्रात छापून येतात, तेही फुकट शोधता येतं. क्लबचं नाव टाकून महिन्यातून एकदा बघायचं.

क्लब बुडाल्यावर कुणाला काय मिळतं याचा तिथला नियम मला आजही पटत नाही. खेळाडू आणि दुसरे क्लब यांचे पैसे पूर्ण द्यायचे, नाहीतर लीगमध्ये जागा नाही. बाकीच्यांना उरलंसुरलं. पोर्ट्समथ फेब्रुवारी २०१० मध्ये बुडाला, प्रीमियर लीगमध्ये असताना ॲडमिनिस्ट्रेशनमध्ये गेलेला पहिला क्लब, दोनच वर्षांपूर्वी एफए कप जिंकलेला. त्याच्या देणेकऱ्यांच्या यादीत सेंट जॉन ॲम्ब्युलन्सचं नाव होतं, म्हणजे मॅचच्या दिवशी कुणाला चक्कर आली तर धावणारे स्वयंसेवक, त्यांचे २,७०२ पौंड. साध्या देणेकऱ्यांना पौंडामागे २० पेन्स, म्हणजे पाचवा हिस्सा, द्यायचं ठरलं. लाखाच्या घरात आठवड्याचा पगार घेणाऱ्यांचे पूर्ण द्यायचे आणि यांचे असे. मालकाने सही करताना ही माणसं डोळ्यासमोर आणायला हवीत.

उद्याचं आज खाल्लंय का

हा मुद्दा छोटा आहे पण घातक. पुढच्या वर्षांच्या तिकिटांचे, टीव्हीचे पैसे आजच उचललेत का ते कर्जाच्या नोटमध्ये आणि 'चार्जेस'मध्ये बघा. लीड्स युनायटेडने २००१ ला चॅम्पियन्स लीगची सेमीफायनल खेळली, पुढच्या तिकिटविक्रीवर ६ कोटी पौंड उचलले, २००४ ला प्रीमियर लीगमधून बाहेर आणि २००७ ला ॲडमिनिस्ट्रेशनमध्ये. ग्लासगोच्या रेंजर्सचं तर अजून वाईट. क्रेग व्हाइट यांनी मे २०११ मध्ये १ पौंडाला क्लब घेतला आणि बँकेचं कर्ज फेडायला पैसा आणला तो पुढच्या सीझन तिकिटांवर एका कंपनीकडून उचललेला, म्हणजे क्लब घेतला तो चाहत्यांच्याच खिशातून. नऊ महिन्यांत, १४ फेब्रुवारी २०१२ ला ॲडमिनिस्ट्रेशन, मग जुनी कंपनी लिक्विडेशनमध्ये, आणि टीमला चौथ्या पातळीवरून सुरुवात करावी लागली. बार्सिलोनाने २०२२ मध्ये लीगच्या टीव्ही उत्पन्नाचा २५ टक्के हिस्सा २५ वर्षांसाठी विकला, तिथे तर मालक कुणी शेठ नाही, सभासदच आहेत, तरी तेच.

नवीन मालक आला तर काय विचारायचं

१ पौंडाला, १ युरोला क्लब विकला गेला अशी बातमी आली की लोकांना वाटतं वा, सुटलो. मला धडकी भरते. त्या किमतीला क्लब नाही, क्लबची देणी विकली जातात. इटलीचा पार्मा २०१४-१५ च्या एकाच सीझनमध्ये दोनदा १ युरोला विकला गेला, पुढे स्टेडियमवरच्या माणसांचे पैसे द्यायला नाहीत म्हणून घरची मॅच पुढे ढकलावी लागली आणि वर्षाअखेर दिवाळं निघून टीम चौथ्या पातळीवर.

आणि 'बरी' नावाचा क्लब. मँचेस्टरच्या उत्तरेला छोटं गाव, १८८५ चा क्लब, १९०० आणि १९०३ चा एफए कप जिंकलेला. डिसेंबर २०१८ मध्ये स्टीव्ह डेल यांनी १ पौंडाला घेतला. त्यांच्याकडे क्लब चालवायला पुरेसा पैसा आहे का याचा पुरावा लीगने आधी घेतलाच नाही. पोरांचे पगार थकले, तरी त्याच वसंतात टीम वरच्या लीगमध्ये गेली, आणि ग्राउंडवर आधीच्याच मालकाच्या काळातलं मोठं कर्ज. ऑगस्ट २०१९ मध्ये लीगने एकामागून एक मॅच थांबवल्या. २७ ऑगस्टला, शेवटच्या दिवशी, क्लबने लोकांना बोलावलं की शनिवारची मॅच कदाचित होईल, स्टेडियम साफ करायला या. लोक आले. शेकडोंनी आले, झाडू, फडकी, बादल्या घेऊन, म्हातारी माणसं आपापल्या खुर्च्या पुसत होती. त्याच रात्री लीगने क्लबला काढून टाकलं. त्याच्या काही दिवस आधी क्लबच्या एका माजी संचालक बाईंनी स्टेडियमच्या पाइपला स्वतःला साखळीने बांधून घेतलं होतं. त्या ग्राउंडवर, गिग लेनवर, परत मॅच व्हायला २०२३ उजाडलं, तेही कितीतरी पातळ्या खाली. लीगने अडवावं, सरकारने अडवावं, हे खरंच, पण त्या खुर्च्या पुसणाऱ्यांपैकी कुणीतरी डिसेंबरमध्येच उभं राहून चार प्रश्न विचारायला हवे होते असं मला राहून राहून वाटतं.

तर हे प्रश्न. पैसे कुठून आले आणि त्यावर कर्ज आहे का? पुढच्या दोन वर्षांचा तोटा भरायला रक्कम आजच बँकेत ठेवणार का? ग्राउंड क्लबच्याच नावावर राहील असं लेखी देणार का? याआधी चालवलेल्या कंपन्यांचं काय झालं? शेवटच्या प्रश्नाचं उत्तर त्यांना विचारायचीही गरज नाही, 'पीपल' टॅबमध्ये नावावर क्लिक केलं की त्या माणसाच्या सगळ्या कंपन्या दिसतात, त्यातल्या किती 'डिझॉल्व्ह', म्हणजे बंद, झाल्यात ते मोजा.

इंग्लंडमध्ये आता २०२५ च्या फुटबॉल गव्हर्नन्स कायद्याने स्वतंत्र नियामक आलाय, क्लबना लायसन्स, मालकांची कडक तपासणी, ग्राउंड विकायच्या आधी परवानगी, चाहत्यांशी सल्लामसलत, हे सगळं त्यात आहे. आपल्याकडे असा स्वतंत्र नियामक नाही, आणि नसल्याचा परिणाम बघा. एफसी पुणे सिटी बंद पडली तेव्हा तिची जागा हैदराबाद एफसीने घेतली. हैदराबादने २०२१-२२ ची आयएसएल, म्हणजे इंडियन सुपर लीग, जिंकली, दोन वर्षांत पगार थकले, परदेशी खेळाडू निघून गेले, टीम तळाला, आणि २०२५ मध्ये क्लब उचलून दिल्लीला नेला. एकच जागा, तीन शहरं, आणि तिन्हीकडच्या चाहत्यांना कुणी एका शब्दाने विचारलं नाही.

आणि पगार थकलेच तर

खेळाडू तुमच्या ओळखीचा असेल तर त्याला एवढं सांगा: फिफाच्या नियमाप्रमाणे दोन महिन्यांचे पगार थकले की तो लेखी नोटीस देऊन क्लबला १५ दिवसांची मुदत देऊ शकतो, तरी पैसे आले नाहीत तर करार मोडायचा त्याला हक्क आहे. तोंडी नाही, लेखी. ईमेल चालेल पण तारीख हवी. मी पाहिलेली बहुतेक पोरं 'साहेब देतो म्हणालेत' यावर पाच-सहा महिने काढतात आणि हातात कागद एकही नसतो.

चाहत्यांनी काय करायचं, तर एकट्याने बोंबलण्यापेक्षा संस्था नोंदवा. ट्रस्ट, सोसायटी, जे जमेल ते, पण बँक खातं आणि सभासदांची यादी असलेली. पोर्ट्समथ २०१२ ला दुसऱ्यांदा बुडाला तेव्हा चाहत्यांचा ट्रस्ट तयार होता, म्हणून एप्रिल २०१३ मध्ये त्यांना क्लब विकत घेता आला, चार वर्षं त्यांनी तो चालवला, देणी फेडली आणि मग २०१७ मध्ये मतदान घेऊन विकला. एक्सेटर सिटी २००३ पासून चाहत्यांच्या ट्रस्टकडेच आहे. आपल्याकडे कोल्हापूरला बघा ना, पाटाकडील, शिवाजी, दिलबहार, बालगोपाल, या टीमना कुणी एक मालक नाही, तालीम आहे, पेठ आहे, वर्गणी आहे. शाहू स्टेडियमवर एखादी टीम कमी खेळाडूंनिशी उतरली तर पेठेतला माणूस तालमीत जाऊन तोंडावर विचारतो. पैसा कमी आहे तिथे, पण हिशेब विचारायला दार उघडं आहे.

बहिष्कार टाकायचा असेल तर नीट ठरवून टाका. शेफिल्ड वेन्सडेच्या लोकांनी क्लबच्या दुकानातून खरेदी बंद केली, मॅचला रिकाम्या खुर्च्या ठेवल्या, आणि जुना मालक हटला त्याच दिवसापासून दुकानासमोर रांगा लावल्या. पैसे कुणाच्या हातात जाणार नाहीत आणि कुणाच्या हातात जातील, हे त्यांनी आधीच सांगून ठेवलं होतं.

फोनवर दोन रिमाइंडर लावून ठेवा. ३१ मार्चला कंपनीज हाउस, हिशेब आले की नाही ते बघायला, आणि दर महिन्याच्या १ तारखेला गॅझेट. पहिल्या वर्षी एका क्लबला तासभर लागेल. वहीत पाच आकडे लिहा: उत्पन्न, पगार, तोटा, मालकाचं कर्ज, बँकेतली रोख. दुसऱ्या वर्षी त्याच पानावर शेजारी पुढचे पाच.